विश्लेषण : रॅम, स्टोरेज, स्क्रीन, प्रिंटर... खोक्यावरचा आकडा अर्धेच का सांगतो?

संगणक घेताना चर्चा होते ती प्रोसेसरची. पण यंत्र किती वर्षे कामाचे राहील, त्यातली माहिती सुरक्षित राहील का आणि वरखर्च किती येईल, हे ठरते इतर भागांवर. त्यांच्याविषयी कंपन्या खोक्यावर जे छापतात ते बहुधा खरे असते. पण पुरेसे नसते.

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू झाले की अनेक घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन 'सेल', जाहिरातीची ओळ ठरलेली असते : अमुक प्रोसेसर, आठ जीबी, ५१२ जीबी, १५.६ इंच. चाळीस-पन्नास हजार रुपये मोजणारे कुटुंब या चार आकड्यांवर भरवसा ठेवते. त्याच आकड्यांचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तर एक सहा वर्षे चालतो, दुसरा दोन वर्षांत रखडायला लागतो. फरक कशाने पडतो, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेले नसते.

'मेमरी फुल झाली' म्हणजे नेमके काय भरले?

मोबाइलवर फोटो निघेनासे झाले की 'मेमरी फुल झाली' असे म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात भरलेली असते ती साठवण, म्हणजे स्टोरेज. मेमरी अर्थात रॅम ही वेगळी वस्तू. स्टोरेज म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. कपाटात कितीही वह्या मावोत, एका वेळी टेबलावर मावतील तेवढ्याच उघडून काम करता येते. टेबल लहान असेल तर वह्या सारख्या कपाटात ठेवायच्या नि काढायच्या. यंत्र 'हँग' होते असे वाटते तेव्हा अनेकदा हीच ये-जा सुरू असते.

रॅममधील माहितीचा प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकून असतो. हा भार सतत झिरपतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे पुसले जाते. 'आयबीएम'च्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधलेली, १९६८ मध्ये पेटंट मिळालेली ही रचना आजही जवळपास प्रत्येक संगणकात आणि फोनमध्ये आहे. स्टोरेजमधील माहिती मात्र वीज नसतानाही राहते. ते काम पूर्वी चुंबकीय तबकड्यांची हार्ड डिस्क करत असे. आता ते मुख्यतः फ्लॅश चिप करते.

या दोन शब्दांच्या गोंधळाचा फायदा विक्रेतेही घेतात. फोनच्या जाहिरातीत '८ + ८ जीबी रॅम' असे दिसते, तेव्हा खरी रॅम आठच जीबी असते. उरलेली आठ स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते आणि फ्लॅश स्टोरेज रॅमपेक्षा खूपच संथ असते. बेरीज कागदावर १६ होते, वापरात नाही.

रॅम किती हवी, आणि नंतर वाढवता येते का?

विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज चार जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे. ती यंत्रणा सुरू होण्याची गरज आहे, सुखाने काम होण्याची नव्हे. ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, एक ऑनलाइन वर्ग आणि एक कागदपत्र एवढे उघडले तरी आठ जीबी भरत येतात. त्यातच ज्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे स्क्रीनवरची चित्रे रेखाटण्यासाठीही याच रॅममधला वाटा जातो. म्हणून आठ जीबीचे यंत्र वापरण्याजोगी रॅम आठपेक्षा कमीच दाखवते.

मात्र खरा प्रश्न 'किती' हा नसून 'वाढवता येईल का' हा आहे. पूर्वी बहुतेक लॅपटॉपच्या तळाशी रॅमची पट्टी बसवायचा स्लॉट असे. दोन स्क्रू काढायचे, पट्टी लावायची, यंत्राला आणखी तीन वर्षे आयुष्य. आता पातळ लॅपटॉपच्या हव्यासात अनेक मॉडेलांत रॅम थेट मदरबोर्डवर डाखलेली असते. त्याने जागा आणि बॅटरी वाचते हे खरे. पण खरेदीच्या दिवशी जेवढी रॅम तेवढीच अखेरपर्यंत. ती चिप बिघडली तर पट्टी बदलून भागत नाही, बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. स्लॉट असला तरी डीडीआर-४ची पट्टी डीडीआर-५च्या स्लॉटमध्ये बसत नाही. दोन्हींच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. 'नंतर बघू' म्हणण्यापूर्वी हे विचारून घ्यावे लागते.

रॅमच्या भावाचा सामान्य ग्राहकाशी काय संबंध?

रॅम ही भाजीसारखी भाव बदलणारी वस्तू आहे. जगातील बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत नफा अधिक, म्हणून उत्पादन तिकडे वळले आणि २०२५च्या अखेरीस साध्या रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याची घोषणाच केली.

रॅम महागली की लॅपटॉपची किंमत तीच ठेवून आतली रॅम कमी करण्याचा मोह कंपन्यांना होतो. स्लॉट असलेले यंत्र घेतलेला ग्राहक भाव उतरेपर्यंत थांबू शकतो. डाखलेल्या रॅमचे यंत्र घेतलेल्याला ती मुभा नाही.

एक टीबीच्या डिस्कमध्ये ९३१ जीबीच का दिसतात?

ही फसवणूक नाही. दोन मापांचा घोळ आहे. डिस्क बनवणारे एक टीबी म्हणजे १,००० जीबी आणि एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे दशमान पद्धतीने मोजतात. विंडोज मात्र प्रत्येक टप्प्यावर १,०२४ने भागते. त्यामुळे एक टीबीचे ९३१ होतात आणि ५१२ जीबीचे साधारण ४७७. दोन्ही मापांना वेगळी नावे असावीत म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये 'गिबीबाइट'सारखी नावे ठरवली, पण बाजारात ती रुळली नाहीत. शिवाय विंडोज आणि कंपनीने आधीच भरलेली अ‍ॅप काही जागा व्यापतात, ती वेगळीच.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो स्टोरेजचा प्रकार. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचकटोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. टोक इकडून तिकडे नेण्याचा वेळ निराळा. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने तोच शोध तिथे शंभरपट लवकर होतो. म्हणूनच जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो नव्यासारखा उघडतो. एसएसडीतही 'साटा' जोडणीची सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तर 'एनव्हीएमई' प्रकारची काही हजार एमबी. सर्वांत स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र 'ईएमएमसी' असते. तीही फ्लॅशच, पण संथ आणि बोर्डावर डाखलेली. खोक्यावर ६४ किंवा १२८ जीबी एवढेच ठळक असते. 'ईएमएमसी' बारीक अक्षरात.

दोन टीबीचा पेन ड्राइव्ह काही शे रुपयांत कसा मिळतो?

तो मिळत नाही. मिळतो तो लहान क्षमतेचा पेन ड्राइव्ह, ज्याच्या आतल्या नियंत्रक चिपला खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणकाला तो 'माझ्यात दोन टीबी जागा आहे' असे सांगतो. फाइल कॉपी होताना दिसतात, त्यांची नावेही यादीत दिसतात. खरी जागा संपली की नवी माहिती जुन्यावर लिहिली जाते किंवा हवेत विरते. फसगत कळते ती काही महिन्यांनी, लग्नाचा व्हिडीओ किंवा दुकानाचे हिशेब उघडायला गेल्यावर. पैसे थोडेच गेलेले असतात; गेलेली माहिती परत येत नाही. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' किंवा 'एफ-थ्री' ही मोफत साधने ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून खरी क्षमता दाखवतात. नवा पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड कामाला लावण्यापूर्वी एकदा ही तपासणी करणे शहाणपणाचे.

चांगल्या डिस्कमधली माहिती तरी कायम टिकते का?

नाही. फ्लॅश चिपमध्ये माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. प्रत्येक लेखन-पुसणीत कप्पा थोडा झिजतो, म्हणून एसएसडीवर एकूण किती टीबी लिहिता येईल याची मर्यादा दिलेली असते. घरगुती वापरात ती मर्यादा क्वचितच गाठली जाते. पण वीज न मिळता कपाटात पडून राहणे हा दुसरा धोका असतो. मेमरी उद्योगाचे मापदंड ठरवणाऱ्या 'जेडेक' या संघटनेची ग्राहकोपयोगी एसएसडीकडून अपेक्षा अशी की, लेखनमर्यादा पूर्ण वापरून झाल्यावरही ३० अंश सेल्सिअसला, विजेविना एक वर्ष तिने माहिती जपावी. नवी डिस्क त्याहून अधिक काळ जपते. तापमान जास्त असेल तर मुदत घटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद खोलीच्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेली एसएसडी ही तिजोरी नव्हे.

हार्ड डिस्क बिघडण्याआधी अनेकदा खडखड आवाज करते, संथ होते. एसएसडी बरेचदा काही न सांगता बंद पडते आणि तीतून माहिती परत मिळवणे अवघड असते. यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे : महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउड असू शकतो किंवा नातेवाइकाच्या घरी ठेवलेली डिस्क. फोनमधले फोटो लॅपटॉपमध्ये नेऊन फोनमधून पुसले, तर प्रत एकच उरते; त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

स्क्रीनच्या इंचांत काय लपते?

१५.६ इंच हे फक्त कर्णाचे माप. त्या जागेत किती ठिपके आहेत, हे वेगळे विचारावे लागते. १,३६६ × ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख पिक्सेल. १,९२० × १,०८० म्हणजे पावणेएकवीस लाख. इंच तेवढेच, पण दुसऱ्या स्क्रीनवर जवळपास दुप्पट मजकूर मावतो. देवनागरीत हा फरक अधिक जाणवतो. रफार, वेलांटी आणि जोडाक्षरांच्या बारीक रेषा कमी ठिपक्यांत एकमेकींत मिसळतात आणि डोळे ताणावे लागतात.

दुसरी गोष्ट पॅनेलचा प्रकार. स्वस्त 'टीएन' पॅनेलकडे वरून-खालून पाहिले की रंग बदलतात. 'आयपीएस'मध्ये ते बऱ्यापैकी तसेच राहतात. तिसरी गोष्ट उजेड. तो 'निट'मध्ये मोजतात. २५० निट बंद खोलीत चालून जातात. खिडकीपाशी किंवा कॉलेजच्या पडवीत बसायचे तर तीनशेहून अधिक हवेत. १४४ हर्ट्झसारखा आकडा मात्र गेम खेळणाऱ्यांच्या कामाचा. अभ्यासासाठी आणि कार्यालयीन कामासाठी ६० हर्ट्झ पुरतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो हाच आकडा. निट शोधावे लागतात.

स्वस्त प्रिंटर महाग का पडतो?

प्रिंटरच्या धंद्यात यंत्र कमी नफ्यावर आणि शाई चढ्या भावाने विकण्याची जुनी रीत आहे. हिशेब मांडून पाहावा. समजा कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांना आला आणि ८०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १६० पाने निघाली, तर पानाला पाच रुपये पडतात. दुसरीकडे शाईच्या टाकीचा प्रिंटर १२,००० रुपयांचा, पण ४५० रुपयांच्या बाटलीत ४,५०० पाने. म्हणजे पानाला दहा पैसे. यंत्रातला ८,००० रुपयांचा फरक सुमारे १,६३० पानांत भरून निघतो. महिन्याला ५० पाने छापणाऱ्या घराला त्यासाठी पावणेतीन वर्षे लागतील. शिकवणी चालवणाऱ्याला एखादे सत्र पुरेल. महिन्याला पाच-दहाच पाने लागत असतील, तर मात्र कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकानच परवडते. कारण न वापरलेल्या इंकजेटच्या छिद्रांत शाई वाळते आणि ती साफ करण्यातच बरीच शाई वाया जाते.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनरची कोरडी भुकटी विद्युतभाराने कागदावर चिकटते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की होते. ती वाळत नाही, म्हणून अधूनमधून पण काळ्या रंगातच छापणाऱ्यांना लेझर सोयीचा. कार्बन प्रतींसह बिले लागतात तिथे कटकट आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स अजून टिकून आहे. कागदावर पिन आपटून छापणारा तोच एक असल्याने खालच्या प्रती एका फटक्यात उमटतात.

टोनरच्या खोक्यावरची 'इतकी पाने' ही संख्याही नीट वाचावी लागते. काळ्या टोनरची प्रमाणित चाचणी पानाच्या सुमारे पाच टक्के भागावरच छपाई धरते. गच्च मजकूर, तक्ते किंवा फोटो असतील तर पाने झपाट्याने घटतात. नव्या प्रिंटरसोबत येणारे टोनर अनेकदा अर्धवट भरलेले असते. काही कार्ट्रिजवर चिप असते आणि बाहेरची शाई भरली की प्रिंटर काम नाकारतो. एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा हक्क किती उरतो, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात त्या न्यायालयाने निकाल दिला की, विक्रीनंतर त्या वस्तूवरचा पेटंट हक्क संपतो. तरीही चिपचे कुलूप कायम आहे. कायद्याने मिळालेली मोकळीक यंत्र हिरावून घेते, ती अशी.

मग ग्राहकाच्या हाती काय?

भारताचा २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. रॅम डाखलेली आहे की बदलता येण्याजोगी, हा वस्तूच्या दर्जाचाच भाग मानायला हवा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप आणि स्मार्टफोनसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. भारतातही केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा मे २०२५ मध्ये सादर केला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करण्याचा विचार आहे. सुरुवात योग्यच; पण लॅपटॉप आणि प्रिंटर फार काळ बाहेर ठेवण्याचे कारण नाही. फ्रीजवर वर्षाला किती युनिट वीज लागेल हे छापता येते, तर लॅपटॉपवर 'रॅम वाढवता येते : होय/नाही' आणि प्रिंटरवर 'प्रतिपान खर्च' छापणे कंपन्यांना जड जाऊ नये.

यात प्रश्न केवळ खिशाचा नाही. विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि हार्डवेअरच्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक एका दिवसात जुने ठरले. त्यातले अनेक लिनक्ससारखी मोफत प्रणाली, एक एसएसडी आणि रॅमची जादा पट्टी यांवर आणखी काही वर्षे शाळेत किंवा दुकानात काम करू शकतात. पण ते तेव्हाच, जेव्हा भाग बदलण्याची सोय असते. ती नसेल तर पुढचा मुक्काम भंगार.

नियम येईपर्यंत ग्राहकानेच दुकानात पाच गोष्टी विचाराव्यात आणि शक्यतो उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत : रॅम डाखलेली की स्लॉटमध्ये, आणि कमाल किती? स्टोरेज एसएसडी की ईएमएमसी, आणि बदलता येते का? स्क्रीनचे पिक्सेल, पॅनेल आणि निट किती? प्रिंटरचा प्रतिपान खर्च किती? वॉरंटीत माहिती परत मिळवून देण्याची हमी आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असेच येईल. बिलावर लिहिले एक आणि हाती पडले दुसरे, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि तेव्हा ते लिहिलेले बिलच कामाला येते. प्रोसेसरचे नाव विक्रेता न विचारता सांगेल. या पाच गोष्टी मात्र विचारल्याशिवाय कळणार नाहीत.